शालागृहांची सुरक्षितता

शालागृहांची सुरक्षितता : शाळेच्या इमारतीत व आवारात विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी यांना आग, भूकंप, पूर, बांधकामाचा ऱ्हास, वीज, वाहतूक किंवा परक्या व्यक्तींचा उपद्रव यांपासून धोका पोहोचू नये, यासाठी जागेची निवड, आराखडा, बांधणी, नूतनीकरण व देखभाल यांत करावयाची उपाययोजना. शाळेत लहान वयाची अनेक मुले थोड्या जागेत, एकाच वेळी व दररोज एकत्र असतात आणि संकटसमयी ती मोठ्यांच्या सूचनेवरच अवलंबून असतात. त्यामुळे घर किंवा कार्यालय यांपेक्षा शालागृहासाठी अधिक काटेकोर नियम आवश्यक ठरतात.

इतिहास : या विषयीचे बहुतेक नियम दुर्घटनांनंतर तयार झाले. १० मार्च १९३३ रोजी कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथील भूकंपात अनेक शाळा कोसळल्या. भूकंप सायंकाळी झाल्याने वर्ग रिकामे होते व मोठी प्राणहानी टळली. त्यानंतर महिनाभरातच सार्वजनिक शाळांचे आराखडे व बांधकाम यांवर राज्याची देखरेख ठेवणारा फील्ड कायदा तेथे संमत झाला. शिकागो येथे १ डिसेंबर १९५८ रोजी एका शाळेस लागलेल्या आगीत ९५ जण मृत्युमुखी पडले. धूर उघड्या जिन्यातून वरच्या मजल्यावर पोहोचला व सुटकेचा मार्गच बंद झाला. भारतात तमिळनाडूतील कुंभकोणम् येथे १६ जुलै २००४ रोजी स्वयंपाकघरातील आग गवती छपराला लागून ९४ मुले दगावली. या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय दिला. सुरक्षित शाळेत शिक्षण मिळणे हा मुलांच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे त्यात मानण्यात आले आणि राष्ट्रीय इमारत संहितेनुसार इमारत सुरक्षित असल्याची खात्री केल्याशिवाय शाळेस मान्यता देऊ नये, असे आदेश देण्यात आले. ही संहिता प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली व १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

जागेची निवड : जागेचे दोष पुढे बांधकामाने पूर्णपणे भरून काढता येत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोली औद्योगिक वसाहतीचा परिसर या दृष्टीने उद्‌बोधक आहे. ओतशाळा व यंत्रकारखाने यांसाठी प्रसिद्ध असलेली ही वसाहत पुणे-बंगळूर महामार्गालगत आहे व पंचगंगा नदी जवळून वाहते. २०१९ व २०२१ च्या महापुरांत शिरोलीनजीक महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट मानतात. अशा भागात शाळेचे जोते ज्ञात पूररेषेच्या वर असावे. वीजमापक व मुख्य स्विच उंचावर बसवावेत आणि दप्तर वरच्या मजल्यावर ठेवावे. पुरात शाळा हेच गावाचे आश्रयस्थान होते, म्हणून पिण्याचे पाणी व शौचालये यांची सोयही पूररेषेच्या वर असणे इष्ट असते. अवजड वाहनांच्या रस्त्यावर शाळेचे प्रवेशद्वार थेट उघडू नये. फाटकाच्या आत मुलांना थांबण्यास मोकळी जागा असावी आणि पायी येणाऱ्यांचा व वाहनांचा मार्ग वेगळा असावा. इंधनसाठे, भट्ट्या व रसायने यांपासून शाळा दूर असावी.

बांधकाम परवानगीबाबतही अशा ठिकाणी विशेष लक्ष द्यावे लागते. औद्योगिक वसाहतीच्या हद्दीत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ हेच नियोजन प्राधिकरण असून त्याचे स्वतंत्र विकास नियंत्रण नियम आहेत. राज्याची २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली त्या हद्दीस लागू नाही. त्यामुळे वसाहतीतील शाळा व लगतच्या गावातील शाळा यांना वेगवेगळ्या नियमांखाली परवानगी घ्यावी लागते.

भूकंपरोधक बांधणी : भारतीय मानक १८९३ च्या २०१६ मधील नकाशानुसार कोल्हापूर तिसऱ्या भूकंपक्षेत्रात येते. ११ डिसेंबर १९६७ रोजी भूकंप झालेले कोयनानगर शिरोलीपासून सु. ९० किमी. अंतरावर आहे. केवळ नकाशावर विसंबणे मात्र योग्य नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी उद्‌ध्वस्त झालेले किल्लारी त्यावेळी सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणले जात होते. तेथील प्राणहानीस जाड दगडी भिंती व मातीची जड छपरे मुख्यतः कारणीभूत ठरली. उपरोक्त मानकात शाळांसाठी महत्त्व-गुणक १·५ धरला आहे, म्हणजे सामान्य घराच्या दीडपट भूकंपबल गृहीत धरून शालागृहाचा अभिकल्प करावा लागतो. विटांच्या वा दगडांच्या भिंतींत जोते, दारांचा माथा व छप्पर या पातळ्यांवर प्रबलित काँक्रीटचे अखंड पट्टे घालतात. त्यांमुळे चारही भिंती एकत्र बांधल्या जातात.

अग्निसुरक्षा व निर्गम मार्ग : संहितेनुसार शाळेतील जिन्याची रुंदी किमान १·५ मी. व निर्गम दाराची १ मी. असावी लागते. पायरी किमान ३० सेंमी. रुंद व जास्तीत जास्त १५ सेंमी. उंच असते. निर्गम दारे बाहेरच्या बाजूस उघडणारी असावी लागतात. जिन्याखाली बाके, कागद वा इंधन साठवू नये. स्वयंपाकघर वर्गांपासून वेगळे व अज्वलनशील छपराचे असावे. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार बसविलेली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते.

नूतनीकरण : जुन्या शाळेची रंगरंगोटी म्हणजे नूतनीकरण नव्हे. निंबोडी (जि. अहमदनगर, आताचा अहिल्यानगर) येथे २८ ऑगस्ट २०१७ रोजी जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत कोसळून तीन विद्यार्थी मृत्यू पावले. राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात २५ जुलै २०२५ रोजी अशाच दुर्घटनेत सात मुलांचा बळी गेला. छतातील गळती ही केवळ गैरसोय नसते. मुरणाऱ्या पाण्याने सळया गंजून फुगतात, काँक्रीटचे आवरण फुटते व अखेर छताची भारक्षमता घटते. म्हणून दुरुस्तीपूर्वी अभियंत्याकडून संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. जुन्या पायावर हिशोबाशिवाय मजला चढविणे किंवा वर्ग मोठा करण्यासाठी भारवाही भिंत काढणे धोक्याचे असते. जुन्या दगडी भिंतींत पूर्ण जाडीतून जाणारे बंधक दगड बसवून, कोपरे सळयांनी सांधून व छप्पर भिंतींना जखडून त्या बळकट करता येतात. दुरुस्तीपलीकडच्या वर्गखोल्यांचे जिल्हा परिषदेकडून निर्लेखन करून त्या पाडल्या जातात. निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत अशी खोली कुलूपबंद ठेवणे व तिच्या भिंतीलगत मुलांना फिरकू न देणे अगत्याचे असते. बांधकाम सुरू असताना वर्ग भरत असल्यास कामाची जागा भक्कम कुंपणाने वेगळी करावी लागते.

आवाराची राखण : २००९ च्या बालशिक्षण हक्क अधिनियमाने सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, अडथळाविरहित प्रवेश, मुलामुलींसाठी स्वतंत्र शौचालये आणि संरक्षक भिंत किंवा कुंपण ही किमान मानके ठरविली. बदलापूर येथील २०२४ च्या घटनेनंतर महाराष्ट्र शासनाने शाळांना कॅमेरे, तक्रारपेटी व कर्मचाऱ्यांची पूर्वपडताळणी यांबाबत आदेश दिले. शौचालयांकडे जाणारा मार्ग नजरेच्या टप्प्यात राहील असा आराखडा असणे हे कॅमेऱ्याइतकेच उपयुक्त ठरते. तथापि बाहेरच्यास अडविणारी व्यवस्था आतल्यास कोंडणारी होऊ नये. शाळा भरलेली असताना निर्गम मार्गावरील जाळीदार दारांना कुलूप असल्यास चोरीपासूनचे संरक्षणच आगीच्या वेळी प्राणघातक ठरते. म्हणून अशी दारे आतून किल्लीविना उघडणारी असावीत व इमारत रिकामी करण्याचा सराव मुलांकडून ठराविक काळाने करवून घ्यावा. अरुंद दार, नादुरुस्त कडी किंवा अडगळीचा जिना असे दोष या सरावातच प्रथम उघडकीस येतात.