अकरा मासे तांब्याचे

सराफाचा तराजू आणि बंदुकीची गोळी यांचे काही नाते असेल, असे आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. पण आहे खरे! इंग्रजांनी १८३३ साली तोळ्याचे वजन ठरवून टाकले ते १८० ग्रेन. बारा माशांचा तोळा, तेव्हा एक मासा पंधरा ग्रेनांचा. (हे मासे ताटातले नव्हेत. आणि हल्ली पेढीवर दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, तोही नव्हे; मी म्हणतो तो जुना, ११.६६ ग्रॅमचा.) अमेरिकेत बंदुकीच्या गोळ्या आजही ग्रेनातच मोजतात, आणि माझ्या रायफलीच्या ज्या गोळ्या दुकानात सर्रास मिळतात त्या १५०, १६५ आणि १८० ग्रेनांच्या. म्हणजे दहा मासे, अकरा मासे आणि पुरा एक तोळा! यांतला कोणता माझ्या रायफलीला मानवेल, हे शोधण्यात माझे सव्वा वर्ष गेले.

कोल्हापूरचा मनुष्य रायफल घेऊन काय करतो, असे कोणी विचारील. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दार लागले, आणि ते लागले हे चांगलेच झाले असे माझे मत आहे. पण मी गेली बावीस वर्षे कोलोरॅडोत राहतो. एल्क नावाचे आपल्या सांबराहून थोराड हरीण इथे इतके आहे, की अमेरिकेच्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात तितके नाही. वन्यजीव खाते दरवर्षी किती जनावरे मारू द्यायची ते ठरवते, परवान्यांची सोडत काढते, आणि मारलेल्या एल्कचे खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा गुन्हा समजते. शेजारचे म्हातारबुवा पन्नासेक वर्षे शिकारीला जात होते. गुडघे गेल्यावर त्यांनी मला शिष्य केले.

आमच्या घरी तांबडा-पांढरा रस्सा वर्ज्य नाही. तरी रायफलीचे नाव काढताच सौभाग्यवतींचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "अहो, खाटीकखान्यात काय होतं ते मला ठाऊक आहे. मी उगाच सोवळेपणा करत नाही. पण जनावर जखमी होऊन रानात तडफडत पळालं, तर ती बंदूक पुन्हा या घरात आणायची नाही." या अटीला मी कबूल झालो. मागाहून दुसरी अट आली. शिशाची गोळी जनावरात फुटली की तिचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात, हे त्यांनी कुठेसे वाचले. ते खरेच आहे. रानात टाकलेली आतडी खाऊन कंडोर गिधाडांना आणि गरुडांना शिशाची विषबाधा होते. म्हणूनच कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाच्या गोळीची बंदी झाली. कोलोरॅडोत तशी सक्ती नाही. पण सौभाग्यवती म्हणाल्या, "पोरांच्या ताटात शिसं नको." तेव्हा गोळी निव्वळ तांब्याची हवी, हे ठरले.

रायफल घेतली ती थर्टी-ऑट-सिक्स या जातीची. तीस म्हणजे नळीचा व्यास इंचाच्या शंभराव्या भागांत, आणि सहा म्हणजे १९०६, अमेरिकी फौजेने हे काडतूस पत्करले ते साल. शंभराहून अधिक वर्षांत इतके रुळलेले काडतूस, ते गल्लीबोळांत मिळावे! पण मी घेतले २०२१ साली. साथीच्या दिवसांत लोकांनी काडतुसांवर अशी झड घातली होती, की दुकानांतले फळेच्या फळे रिकामे. एका माणसाला दोनच खोकी, अशी पाटी. रेशनच्या रांगेत वाढलेल्या मराठी माणसाला त्याचे नवल ते काय! दर शनिवारी उघडायच्या वेळी मी दारात हजर. असे करत वर्षभरात सहा तऱ्हांची काडतुसे जमली. तीन शिशाची, तीन तांब्याची. शिशाची नको होती, तर घेतली कशाला? म्हातारबुवांचे म्हणणे, रायफलीचा स्वभाव कळायला तुलना हवी. आणि तेव्हा जे मिळे ते घ्यावेच लागे.

आता स्वभाव म्हणजे काय, ते सांगतो. बार झाला की पोलादी नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी थरथरते. गोळी तोंडाबाहेर पडते त्या क्षणी नळीचे तोंड कंपनात कुठे आहे, यावर ती कुठे जाईल हे ठरते. प्रत्येक वेळी तोंड त्याच जागी असेल, तर गोळ्या एकमेकींच्या अंगावर बसतात. नाही तर विखुरतात. गोळीचे वजन, तिची लांबी, दारूची जात, नळीच्या आतल्या पिळापर्यंत गोळीला किती अंतर तोडावे लागते, या सगळ्यांनी ते कंपन बदलते. एकाच कारखान्यातून पाठोपाठ निघालेल्या दोन रायफलींची आवड निराळी असते. त्यातून तांबे शिशाहून हलके. तेव्हा तितक्याच वजनाची तांब्याची गोळी लांबीला जास्त भरते, आणि लांब गोळी हवेत स्थिर राहायला नळीचा पीळ पुरेसा घट्ट लागतो. माझ्या नळीत दहा इंचांत एक फेरा आहे. तो पुरतो.

आपल्याकडच्या जुन्या साहेबी शिकाऱ्यांना हे दुखणे आणखी जड जाई. त्यांच्या दुनळी रायफलींच्या दोन्ही नळ्या कारखान्यात एका ठराविक काडतुसाला जुळवून डाखलेल्या असत. काडतूस बदलले की उजवी एकीकडे मारी, डावी दुसरीकडे! शिवाय कॉर्डाइट नावाची दारू हिंदुस्थानच्या उन्हात तापून अधिक जोर धरी, रिकामे काडतूस नळीत अडके, आणि समोर वाघ. म्हणून कारखानदार उष्ण देशांसाठी कमी दारूची निराळी काडतुसे काढत.

२०२२च्या वसंतात गावच्या नेमबाजीच्या मैदानावर परीक्षा सुरू झाल्या. लाकडी मेज, वाळूच्या पिशव्या, शंभर यार्डांवर कागदी निशाण. पाच बार काढायचे, दर दोन बारांत तीन मिनिटे थांबायचे, कारण तापलेली नळी निराळी वागते. काडतूस बदलण्यापूर्वी नळी स्वच्छ घासायची. सकाळभरात दोन तऱ्हा झाल्या तर पुष्कळ.

मैदानावर एक तरुण नेहमी भेटे. तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकतील असा एक कागद तो पाकिटात बाळगून असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवी. म्हातारबुवा त्याला एवढेच विचारीत, "चौथी कुठे गेली?" तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात. मी कारखान्यात पंपांच्या चाचण्या घेतो. तीन नमुन्यांवर भरवसा ठेवला तर मला दुसऱ्याच दिवशी घरी बसवतील. म्हणून एका तऱ्हेच्या निदान दहा गोळ्या पाहिल्यावाचून मत द्यायचे नाही, असे मी ठरवले.

दहा माशांची शिशाची गोळी साडेतीन इंचांत पसरली. आता हिशेब पाहा. शंभर यार्डांवर साडेतीन इंच म्हणजे तीनशेवर साडेदहा. एल्कच्या हृदय-फुप्फुसांची जागा जेवणाच्या ताटाएवढी, फुटभर. रायफलीनेच ताट भरून टाकले, तर माझा धपापणारा श्वास आणि डोंगरातला वारा यांना जागा कुठली? तोळ्याची शिशाची गोळी सव्वा इंचात बसली, आणि मला मोह पडला हे खरे. पण ताटातले शिसे आठवले. तांब्याची पहिली तऱ्हा अडीच इंच. दुसरीच्या दोन गोळ्या नेहमी बाकीच्यांपासून फटकून पडत, जणू पंक्तीतून रुसून उठलेली पाहुणी मंडळी. तिसरी अकरा माशांची. पहिल्या पाच सव्वा इंचात, दुसऱ्या दिवशीच्या पाच तेवढ्याच. निराळ्या दिवशी, निराळ्या उन्हात, तीच जागा. म्हातारबुवांनी कागदाला बोट लावले आणि चष्मा पुसला.

तरी काम संपले नव्हते. खोक्यावर कारखान्याच्या घाण्याचा क्रमांक असतो. घाणा बदलला की दारूही किंचित बदलू शकते. त्याच क्रमांकाची आणखी पाच खोकी तीन गावे पालथी घालून मिळवली. मग सप्टेंबरात, गोठवणाऱ्या पहाटे, थंडगार आणि न घासलेल्या नळीतून रोज एकच बार, असे आठ दिवस केले. शिकारीत पहिली गोळी हीच काय ती खरी. मैदानातल्या चौथ्या-पाचव्या गोळीशी एल्कला कर्तव्य नसते. आठही गोळ्या दीड इंचात होत्या. मग दोनशे यार्डांवर दुर्बीण जुळवली. तीनशेवर गोळी सुमारे आठ इंच खाली उतरते, हे कागदावर पाहून घेतले, आणि अडीचशेपलीकडे बार काढायचा नाही, असे स्वतःला बजावले.

ऑक्टोबरच्या मध्यावर पाच दिवसांचा पहिला हंगाम होता. दिवाळी आठवड्यावर आलेली. नऊ हजार फुटांवर तंबू ठोकला, आणि माझ्या सोडतीत मादीचा परवाना. दुसऱ्या दिवशी दरीपलीकडे चारशे यार्डांवर बारा-पंधरा जनावरांचा कळप उन्हात उभा होता. वारा आडवा. मी दुर्बिणीतून पोटभर पाहिले आणि रायफल खांद्यावर टाकली. तिसरा दिवस कोरडा गेला.

चौथ्या दिवशी पहाटे देवदारांतून एक मादी एकटी बाहेर आली. अंतर एकशे सत्तर यार्ड, बाजू पूर्ण समोर, मागे डोंगराची भिंत. मी आडव्या ओंडक्यावर पिशवी टेकली, श्वास अर्धा सोडला आणि चाप दाबला. ती चाळीस पावले चालली आणि गुडघ्यांवर बसली. मी पोचलो तेव्हा सर्व शांत होते. गोळी ताटाच्या बरोबर मध्यावरून आरपार गेली होती. मी टोपी काढून बराच वेळ तिथे बसून राहिलो.

मांस पाठीवरून खाली आणायला पाच खेपा झाल्या. घरी पोचलो तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, "किती पळालं?" मी म्हटले, "चाळीस पावलं." त्या काही बोलल्या नाहीत. फ्रीजरमधली मटारांची पाकिटे बाजूला करून त्यांनी जागा केली. रस्सा मात्र दिवाळी सरल्यावरच झाला, आणि पहिली वाटी शेजारी गेली. तिखटाने म्हातारबुवांच्या डोळ्यांना पाणी आले, तरी त्यांनी दुसरी मागितली.

त्या घाण्याची दोन खोकी आणि सात काडतुसे अजून कपाटात कुलूपबंद आहेत. ती संपली की पुन्हा मेज, वाळूच्या पिशव्या आणि नव्या क्रमांकाच्या दहा गोळ्या.