विश्लेषण : खिशात दोन तिकिटे, पण नाव नाही! बँडमागे फिरणाऱ्या तरुणाची ओळख पटायला २० वर्षे का लागली?

अमेरिकेत १९९५ साली एका अपघातात दोन तरुण ठार झाले. त्यातल्या एकाची ओळख लगेच पटली. दुसऱ्याजवळ ‘ग्रेटफुल डेड’ या बँडच्या कार्यक्रमाच्या तिकिटांचे दोन तुकडे आणि एक चिठ्ठी सापडली, पण नाव-पत्ता सांगणारे काहीच नव्हते. त्याला त्याचे नाव परत मिळायला डिसेंबर २०१५ उजाडला. या दोन दशकांत डीएनए चाचणी, संगणकीय चेहरेपट्टी, राष्ट्रीय माहितीसाठा असे सारे काही आले. तरीही गाडे अडले होते ते एका साध्या कागदावर.

नेमके काय घडले होते?

२६ जून १९९५. व्हर्जिनिया राज्यातील एम्पोरिया या छोट्या शहराजवळ फोक्सवॅगनची एक व्हॅन रस्ता सोडून झाडांवर आदळली. चालकाला डुलकी लागली असावी, असा तपास यंत्रणेचा अंदाज होता. चालक आणि शेजारी बसलेला तरुण दोघेही जागीच गेले. चालकाची ओळख पटली, त्याच्या घरी निरोप गेला. मात्र बरोबरचा मुलगा कोण, हे चालकाच्या घरच्यांनाही सांगता येईना. तो वाटेत हात दाखवून गाडीत बसलेला कोणी असावा, अशी शक्यता तेव्हापासूनच बोलली जात होती.

त्या मुलाच्या अंगात बँडचा रंगीबेरंगी टी-शर्ट होता, हातावर चांदणीसारखे गोंदण होते. खिशातले तिकिटांचे तुकडे वॉशिंग्टनच्या आरएफके स्टेडियमवर २४ आणि २५ जूनला झालेल्या कार्यक्रमांचे होते. म्हणजे मृत्यूच्या आदल्या दोन संध्याकाळी तो कुठे होता, हे तपास करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. त्याआधीच्या आयुष्यातला एकही दिवस मात्र ठाऊक नव्हता. चिठ्ठी दोन मुलींनी लिहिलेली होती. आम्हाला निघावे लागतेय, पुन्हा भेटू, फोन कर, अशा आशयाची. तिच्यावर एका मुलाचे पहिले नाव होते. पण ते नाव याचेच, की चिठ्ठी दुसऱ्याच कुणाची, हे ठरवायला आधार नव्हता. अपघातात चेहऱ्याला इतकी इजा झाली होती की छायाचित्र दाखवून विचारणेही शक्य नव्हते.

अमेरिकेत अनोळखी पुरुषाला कागदोपत्री ‘जॉन डो’ आणि स्त्रीला ‘जेन डो’ म्हणतात. इंग्लंडच्या जुन्या न्यायालयीन व्यवहारात काल्पनिक पक्षकारासाठी वापरले जाणारे हे नाव पुढे अनोळखी मृतांना चिकटले. या मुलाच्या बाबतीत त्यात बँडचे नाव मिसळले आणि तो ‘ग्रेटफुल डो’ झाला.

बँडमागे फिरणारे हे ‘डेडहेड’ कोण?

‘ग्रेटफुल डेड’ची सुरुवात १९६५ मध्ये कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात झाली. गिटारवादक आणि गायक जेरी गार्सिया हा बँडचा चेहरा. तीस वर्षांत त्यांनी २,३०० हून अधिक कार्यक्रम केले. इतर बँड दौऱ्यात रोज तीच गाणी त्याच क्रमाने वाजवत, हे मात्र रोज क्रम बदलत आणि एखादे गाणे वाजवता वाजवता भलतीकडेच नेत. कालचा कार्यक्रम ऐकला म्हणून आजचा ऐकला असे होत नसे. त्यामुळे एका गावातून पुढच्या गावी बँडच्या मागे जाणाऱ्यांची एक जमातच तयार झाली. त्यांना ‘डेडहेड’ म्हणत. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण करून कॅसेटची देवघेव करायला बँडची आडकाठी नव्हती. १९८४ पासून तर रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच राखून ठेवली जाऊ लागली.

स्टेडियमबाहेरच्या वाहनतळावर बाजार भरे. बँडच्या एका गाण्यावरून त्याला ‘शेकडाउन स्ट्रीट’ म्हणत. हाताने रंगवलेले टी-शर्ट, माळा, खाण्याचे पदार्थ विकून मुले पुढच्या गावापर्यंतच्या पेट्रोलचे पैसे उभे करत. तिकीट नसलेले बोट वर करून उभे राहत. कुणीतरी जास्तीचे तिकीट फुकट देईल, या आशेवर. जुन्या फोक्सवॅगन व्हॅन हेच अनेकांचे घर होते. १९८७ मध्ये ‘टच ऑफ ग्रे’ हे गाणे अमेरिकेच्या पहिल्या दहा लोकप्रिय गाण्यांत गेले आणि या गर्दीत नव्या पोरांची मोठी भर पडली.

मराठी वाचकाला इथे वारी आठवेल. पण फरक मोठा आहे आणि या प्रकरणात तोच महत्त्वाचा ठरला. वारकरी दिंडीतून चालतो, दिंडीला क्रमांक असतो, गावातले चार जण सोबत असतात. एखादा चुकला तर संध्याकाळी मुक्कामी त्याची विचारपूस होते. डेडहेडच्या ताफ्यात अशी मोजदाद नव्हती. आज भेटलेला उद्या दुसऱ्याच्या गाडीत बसून निघून जाई आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. अनेकांची ओळख टोपणनावापुरती असे. एखादा पुढच्या कार्यक्रमाला दिसला नाही तर तो घरी गेला असेल, असे समजून सगळे पुढे निघत.

हातात पुरावे असूनही तपास का अडला?

कारण ते पुरावे त्याला वेगळा काढणारे नव्हतेच. टी-शर्ट हजारोंच्या अंगावर होता. तिकिटांवरून तो कार्यक्रमाला होता एवढेच कळत होते, आणि त्या दोन दिवसांत स्टेडियमवर हजारो माणसे होती. बोटांचे ठसे उपयोगी पडतात ते आधी कुठे तरी नोंदवलेले असतील तरच. दातांचे तसेच. एक्स-रे जुळवायला आधी कुणाचा एक्स-रे मागवायचा हे माहीत असावे लागते. डीएनएही याला अपवाद नाही. तो नाव सांगत नाही, तो फक्त ‘हा यांचा मुलगा आहे की नाही’ या प्रश्नाचे उत्तर देतो. प्रश्न विचारायला आई-वडील समोर हवेत.

त्यात वेळही वाईट निघाली. बँडचा पुढचा कार्यक्रम २७ जूनला मिशिगनमध्ये, म्हणजे वॉशिंग्टनच्या वायव्येला होता. एम्पोरिया दक्षिणेला, नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेजवळ. ज्यांना त्या मुलाचा चेहरा आठवला असता, ती गर्दी बहुधा भलत्याच दिशेने पांगत होती. ९ जुलैला शिकागोत झालेला कार्यक्रम बँडचा अखेरचा ठरला. ९ ऑगस्टला गार्सियाचे निधन झाले आणि वर्षअखेरीस बँडच विसर्जित झाला. म्हणजे अपघातानंतर दीड महिन्यातच साक्षीदार पुन्हा एकत्र येण्याची जागा उरली नाही. वाहनतळावर जाऊन ‘याला ओळखता का?’ असे विचारण्याची संधी जवळपास हातात येण्याआधीच गेली.

घरच्यांनी तक्रार का दिली नाही?

या प्रकरणाची खरी गाठ इथे आहे. मुलगा १९ वर्षांचा होता, हे नंतर कळले. त्याची आई दक्षिण कॅरोलायनात राहत होती. तो बँडमागे जाण्यासाठी घर सोडून गेला आणि परतला नाही. त्याने संपर्क तोडला असावा, असे घरच्यांना वाटत राहिले. शिवाय तक्रार द्यायची तर कुठे, हा प्रश्न होता. सतत फिरणारा मुलगा हरवला म्हणजे नेमका कोणत्या गावात हरवला? अमेरिकेत पोलीस दले स्थानिक आहेत. शहराचे वेगळे, परगण्याच्या शेरीफचे वेगळे, राज्याचे वेगळे. अशी हजारो दले आणि प्रत्येकाची आपापली हद्द. कोणत्या हद्दीतल्या पोलिसांकडे जायचे हेच न कळल्याने तक्रार राहून गेली.

कायदाही तेव्हा मदतीला नव्हता. बेपत्ता मुलाची माहिती पोलिसांनी विनाविलंब राष्ट्रीय गुन्हे नोंदणी यंत्रणेत टाकावी, असा अमेरिकी संसदेचा १९९० चा कायदा होता, पण तो १८ वर्षांखालील मुलांसाठी. १९ वर्षांचा मुलगा म्हणजे स्वतःच्या मर्जीने गेलेला प्रौढ. ही मर्यादा २१ वर्षांपर्यंत वाढली ती २००३ मध्ये. १९९८ साली न्यूयॉर्क राज्यातून बेपत्ता झालेल्या एका विद्यार्थिनीच्या नावावरून ती तरतूद ‘सुझॅनचा कायदा’ म्हणून ओळखली जाते.

परिणामी एका राज्यात नाव नसलेला मृतदेह होता आणि दुसऱ्या राज्यात मुलगा नसलेले घर. पहिल्याची नोंद होती, दुसऱ्याची नव्हती. आणि जुळणी करायची तर नोंदी दोन लागतात.

मग ओळख पटली कशी?

अमेरिकेच्या न्याय विभागाने २००७ पासून ‘नेमस’ नावाचा राष्ट्रीय माहितीसाठा उभा करायला सुरुवात केली. त्यात एका बाजूला बेपत्ता व्यक्ती आणि दुसऱ्या बाजूला अनोळखी मृतदेह. २००९ मध्ये या दोन बाजू एकमेकींना जोडल्या गेल्या. वैशिष्ट्य म्हणजे त्याचा बराचसा भाग सामान्य माणसालाही पाहता येतो. ‘नेमस’च्याच आकडेवारीनुसार अमेरिकेत दरवर्षी सुमारे ४,४०० अनोळखी मृतदेह सापडतात आणि त्यातल्या सुमारे एक हजारांची ओळख वर्षभरानंतरही पटलेली नसते.

‘ग्रेटफुल डो’चा चेहरा कसा असेल, याची संगणकावर तयार केलेली चित्रे दरम्यानच्या काळात प्रसिद्ध झाली होती. हौशी शोधकांनी ती वर्षानुवर्षे फिरती ठेवली. या हौशी मंडळींबद्दल पोलीस अनेकदा नाक मुरडतात, आणि भलत्याच माणसावर बोट ठेवण्याचे त्यांचे प्रताप पाहता ते अगदीच चूक नाही. पण इथे त्यांच्या चिकाटीचा उपयोग झाला. २०१५ च्या सुरुवातीला हे चित्र पुन्हा समाजमाध्यमांवर पसरले आणि एकाला त्यात आपला जुना खोलीमित्र दिसला. त्याने जपून ठेवलेली छायाचित्रे पुढे आली. त्यांतला लांब केसांचा मुलगा चित्राशी बराच मिळताजुळता होता. माहिती आईपर्यंत पोहोचली आणि जानेवारी २०१५ मध्ये, म्हणजे मुलगा गेल्यानंतर जवळपास वीस वर्षांनी, तो बेपत्ता असल्याची पहिली तक्रार दाखल झाली.

पुढचे काम प्रयोगशाळेचे होते. डिसेंबर २०१५ मध्ये डीएनए जुळला आणि ओळख अधिकृत झाली. चिठ्ठीवरचे पहिले नाव खरेच त्याचे होते. ते वीस वर्षे फायलीतच होते.

आज हेच प्रकरण घडले असते तर?

बहुधा इतका वेळ लागला नसता. मोबाइल, कार्डाने भरलेले पैसे, ऑनलाइन काढलेले तिकीट असा माग आज प्रत्येक जण मागे ठेवतो. दुसरा बदल वंशावळीचा. २०१८ पासून अमेरिकेत मृताच्या डीएनएची तुलना खासगी वंशावळ संकेतस्थळांवरील माहितीशी करून दूरच्या चुलत-मावस नातेवाईकांमार्फत नाव शोधले जाते. १९८१ मध्ये ओहायोत सापडलेली ‘बकस्किन गर्ल’ ही अनोळखी तरुणी एप्रिल २०१८ मध्ये याच पद्धतीने ओळखली गेली. घरच्यांनी तक्रार केलेली नसली तरी या मार्गाने घर सापडू शकते, हा त्याचा मोठा फायदा. मात्र वंशाच्या कुतूहलापोटी दिलेला नमुना पोलिसांच्या हाती जावा का, हा वाद तिथे अजून मिटलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या ‘हेल्प फाइंड द मिसिंग’ कायद्याने ‘नेमस’ आणि राष्ट्रीय गुन्हे नोंदणी यंत्रणा यांच्यातील माहितीची देवाणघेवाण पक्की करण्याची तरतूद केली आहे.

भारतात काय स्थिती आहे?

आपल्याकडेही अनोळखी मृतदेह सापडला की पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद करतात. कपडे, गोंदण, जुन्या खुणा यांचे वर्णन इतर ठाण्यांना कळवतात आणि वृत्तपत्रांतून आवाहन करतात. बेपत्ता आणि अनोळखी मृत यांच्या डीएनएची जुळणी व्हावी, यासाठी लोकनीती फाउंडेशनने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. पुढे २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या डीएनए तंत्रज्ञान विधेयकात या दोन्ही गटांसाठी स्वतंत्र सूची प्रस्तावित होत्या. खासगीपणाच्या मुद्द्यावर त्यावर बरीच टीका झाली आणि जुलै २०२३ मध्ये सरकारने ते मागे घेतले.

हद्दीचा प्रश्न थोडा सुटला आहे, पण अर्धाच. दखलपात्र गुन्ह्याची ‘झीरो एफआयआर’ कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याला स्पष्ट आधार मिळाला आहे. लहान मूल बेपत्ता झाल्यास गुन्हा नोंदवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. प्रौढ व्यक्ती मात्र घातपाताचा संशय नसेल तर ‘मिसिंग’च्या नोंदवहीत जाते. १९ वर्षांचा, स्वतःहून घराबाहेर पडलेला मुलगा आपल्याकडेही त्याच वहीत जाईल. अर्थात, घरचे कुणी तिथवर गेले तर.