पेन टॅब्लेट घेताना कोणता आकडा बघावा?

फोटो एडिटिंगसाठी पेन टॅब्लेट घ्यायला गेलं, की खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो तो दाबाच्या पातळ्यांचा आकडा. 1998 साली वॅकॉम या जपानी कंपनीचा पहिला इन्ट्युओस आला, तेव्हा त्याचं पेन 1024 पातळ्या ओळखायचं. 2009 च्या इन्ट्युओस 4 मध्ये त्या 2048 झाल्या, 2017 च्या इन्ट्युओस प्रोमध्ये 8192, आणि आता हुइऑन व एक्सपी-पेनच्या काही पेनांवर 16384 हा आकडा मिरवतो. फोटोचं काम करणाऱ्याने या आकड्याकडे सगळ्यात शेवटी बघावं, बघितलंच नाही तरी काही बिघडत नाही, असं माझं मत आहे. फोटोशॉपमध्ये 8-बिट फाईलच्या मास्कमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 256 छटाच मावतात. पेनाने कितीही सूक्ष्म फरक टिपला तरी तो शेवटी या 256 घरांपैकी एकात जाऊन बसतो. 16-बिट फाईलमध्ये घरं पुष्कळ वाढतात, हे खरं. पण आठ हजारांतली नेमकी एक पातळी धरून ठेवणं कुणाच्याच बोटांना जमत नाही. जादा पातळ्यांनी रेघ अधिक सुबक होते, हे सांगणारे सांगतात, आणि चित्रकाराच्या लांब, एका दमात ओढलेल्या रेघेबाबत त्यात थोडं तथ्यही असेल. फोटो रिटचिंगमध्ये मात्र ब्रश मऊ कडांचा असतो, त्याचा फ्लो मुद्दाम कमी ठेवलेला असतो आणि एकावर एक अनेक हात फिरवले जातात. तिथे हा फरक दिसायला जागाच उरत नाही.

मग पेन हवंच कशाला? लग्नातला एखादा जवळून घेतलेला फोटो घ्या. नवरीच्या नथीची सावली वरच्या ओठावर पडली आहे, मुंडावळ्यांच्या मोत्यांच्या बारीक सावल्या गालावर उतरल्या आहेत. त्या पुसून टाकायच्या नाहीत, नाहीतर दागिने चेहऱ्यावर चिकटवल्यासारखे दिसतील. फक्त हलक्या करायच्या आहेत. यासाठी वर एक नवा लेअर घेतात, त्यात 50 टक्के राखाडी रंग भरतात, त्याचा ब्लेंड मोड सॉफ्ट लाइट करतात आणि पांढऱ्या ब्रशने, फ्लो दोन-चार टक्क्यांवर ठेवून, सावलीवरून हळूहळू हात फिरवतात. माऊसला दाब कळत नाही. बटण दाबलं की ब्रश पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत सारख्याच जोराने उमटतो, आणि सावलीच्या कडेला उजळ पट्टा राहतो. तो मोडायला पुन्हा अपॅसिटी कमी करा, पुन्हा फिरवा, पुन्हा अनडू. पेनाने हेच काम करताना हात टेकताना दाब कमी असतो, मधे वाढतो, उचलताना पुन्हा कमी होतो. पट्ट्याची दोन्ही टोकं आपोआप विरतात. पूर्वी स्टुडिओत काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने रिटचिंग करणाऱ्यांचं कसब याच जातीचं होतं.

या वर्णनात महत्त्वाचा आहे तो दाबाचा खालचा टप्पा. पेन किती हलक्या स्पर्शाला जागं होतं, यावर सगळा खेळ. चांगल्या पेनांना एक ते तीन ग्रॅमइतका दाब पुरतो, असा त्यांच्या कंपन्यांचा दावा असतो. काही स्वस्त पेनांना याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. असं पेन हलका हात ओळखतच नाही, आणि ओळखतं तेव्हा एकदम गडद ठिपका उमटवतं. मग खोक्यावर 16384 छापलेलं असो नाहीतर 1024. दुकानात तपासायचं ते हेच: फोटोशॉप किंवा गिम्पमध्ये मोठा मऊ ब्रश घ्यावा, पेन स्वतःच्या वजनाने नुसतं टेकेल इतकं सैल धरावं आणि ओढून बघावं. फिकट रेघ उमटली तर पेन कामाचं. गिम्प असेल तर इनपुट डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये ते पेन आधी चालू करून घ्यायला विसरू नये, नाहीतर चांगल्या पेनालाही दाब कळणार नाही आणि दोष उगाच पेनाच्या माथी येईल.

दुसरा, आणि माझ्या मते पहिल्या क्रमांकाचा, आकडा म्हणजे टॅब्लेटच्या कामाच्या जागेची लांबी-रुंदी. माऊस उचलून पुन्हा ठेवता येतो. पेनाचं तसं नाही. टॅब्लेटचा डावा वरचा कोपरा म्हणजे पडद्याचा डावा वरचा कोपरा, असं घट्ट नातं असतं. 24 इंची पडदा सुमारे 531 मिलिमीटर रुंद असतो. इन्ट्युओसच्या लहान टॅब्लेटची कामाची जागा 152 बाय 95 मिलिमीटर, म्हणजे हात एक मिलिमीटर सरकला की पडद्यावर साडेतीन मिलिमीटर सरकतं. मधल्या आकारात, 216 बाय 135 मध्ये, हेच प्रमाण अडीचपर्यंत उतरतं. लहान टॅब्लेटवर सगळं काम मनगटातून होतं, बोटांची किंचित थरथर साडेतीनपट होऊन पडद्यावर येते. झूम करून काम केलं की झालं, असा यावर आक्षेप येतो, आणि तो बराचसा रास्त आहे. पापणीजवळचं काम कुणीही दोनशे टक्क्यांवरच करतं. पण चेहऱ्याचा उजेड-अंधार समतोल करणं हे पूर्ण चेहरा नजरेसमोर ठेवून करायचं काम आहे, ते झूममध्ये बिघडतं. उलट अगदी मोठा टॅब्लेट घेतला तर मेनूपर्यंत पोचायला दर वेळी कोपरापासून हात हलतो, आणि कीबोर्डला टेबलावर जागा उरत नाही. म्हणून 24 ते 27 इंची पडद्यासमोर मधला आकार घ्यावा. लॅपटॉपवर काम असेल तर लहान पुरतो. आणखी एक बारकावा आहे. 216 बाय 135 चं प्रमाण 16:10 भरतं, बहुतेक पडदे 16:9 असतात. तसंच ठेवलं तर हाताने काढलेलं वर्तुळ पडद्यावर किंचित आडवं पसरतं. ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवण्याची सोय असते. ती चालू केली की तळाची साधारण 13 मिलिमीटरची पट्टी वाया जाते, पण हात आणि नजर यांचं गणित जुळतं.

सगळ्यात जोरदार आक्षेप येतो तो पडदा असलेल्या टॅब्लेटच्या बाजूने. जिथे बघायचं तिथेच पेन टेकवायचं, यापेक्षा सहज काय असणार? चित्र काढणाऱ्यासाठी हा युक्तिवाद बिनतोड आहे. फोटोचं मात्र उलट आहे: रिटचिंग करणारा रेघ ओढत नसतो, तो रंग आणि उजेड पारखत असतो. पडद्यावर हात ठेवला की फोटोचा तोच भाग तळव्याखाली जातो. स्वस्त पेन डिस्प्लेचे रंग एखाद्या बऱ्या मॉनिटरइतके भरवशाचे नसतात, त्यामुळे रंग तपासायला नजर पुन्हा दुसऱ्या पडद्याकडे वळते. वर तासन्‌तास मान खाली. साध्या टॅब्लेटवर हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे, हे सुरुवातीला अवघड जातं, पण माऊसवरही आपण हेच करत आलो आहोत. पेन पृष्ठभागापासून थोडं वर असतानाच टॅब्लेटला त्याची चाहूल लागते, त्यामुळे टेकवण्याआधीच ब्रशचं वर्तुळ पडद्यावर दिसतं. पडद्याच्या टॅब्लेटसाठी मोजायचे जादा पैसे चांगल्या मॉनिटरवर आणि कॅलिब्रेटरवर घालवले तर अल्बमचे प्रिंट पडद्याशी जुळतील. गिऱ्हाईक शेवटी तेच बघतं.

आता तर चेहरा, आकाश, कपडे यांचे मास्क सॉफ्टवेअर एका क्लिकवर बनवतं, मग हातकामाची गरज काय, असाही प्रश्न येतो. ती सोय खरीच मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण सुटलेल्या केसांच्या कडा, पातळ शेल्याच्या पलीकडून दिसणारा हात किंवा जुन्या, घडी पडलेल्या फोटोतली चेहऱ्यावरची चीर, ही ठिकाणं अजूनही हातानेच नीट होतात. ढोबळ निवड यंत्राने केली की उरतं ते सगळं नाजूक काम, आणि त्यात माऊस सगळ्यात कमी पडतो. फक्त पासपोर्ट फोटो आणि एकगठ्ठा रंगसुधारणा करणाऱ्याने टॅब्लेटच्या नादी लागू नये, हे मात्र स्पष्ट सांगायला हवं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पेनाचा कल ओळखण्याची सोय फोटोच्या कामात क्वचितच लागते. टॅब्लेटवरची बटणं बरी, पण डावा हात कीबोर्डवर ठेवायची सवय असेल तर त्यांच्यावाचून अडत नाही. निब झिजतात, खरखरीत पृष्ठभागावर लवकर झिजतात, तेव्हा तुमच्या गावात किंवा ऑनलाइन त्या सुट्या मिळतात का हे आधी बघावं. पेन बिनबॅटरीचं असावं. टॅब्लेटच्या पृष्ठभागाखालच्या तारांच्या जाळीतून निघणाऱ्या लहरींवरच असं पेन चालतं. खरी डोकेदुखी असते ड्रायव्हरची. जुन्या कंपनीचा ड्रायव्हर काढून न टाकता नवा टाकला की दाब गायब होतो, आणि विंडोजवर पेन क्षणभर एका जागी टेकवून ठेवलं की राइट-क्लिकचं वर्तुळ फिरू लागतं. ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं. जुना टॅब्लेट स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्यावा, त्याच्या पातळ्या 2048 च असल्या तरी. फक्त पैसे देण्याआधी कंपनीच्या साइटवर जाऊन आपल्या विंडोज किंवा मॅकच्या आवृत्तीसाठी त्या मॉडेलचा ड्रायव्हर अजून मिळतो का ते तपासावं, कारण कंपन्या जुन्या मॉडेलांना नव्या ड्रायव्हरमधून वगळत जातात.