दुकानातला विंडोज १० चा पीसी: टाकून द्यायचा, तसाच चालवायचा की लिनक्स टाकायचं?



मागच्या व्हिडिओत मागे माझा काउंटरवरचा पीसी दिसत होता आणि त्यावर विंडोज नव्हतं. ते लिनक्स मिंट आहे. कसं टाकलं, काय फसलं, किती पैसे वाचले आणि एक पीसी मी मुद्दाम विंडोजवरच का ठेवला, हे दहा मिनिटांच्या व्हिडिओत बसत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी प्रश्न काय होता ते बघू. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. म्हणजे पीसी त्या दिवशी बंद पडला असं नाही. तो चालतोच. फक्त त्यात नवीन फट सापडली तर ती बुजवणारा अपडेट आता आपोआप येत नाही. घरी सिनेमे बघणाऱ्याला याचं फार काही वाटणार नाही. माझं दुकान वसई पश्चिमेला आहे. झेरॉक्स, प्रिंटिंग, ऑनलाइन फॉर्म आणि सीझनला लग्नपत्रिका. दिवसभर अनोळखी माणसं पेनड्राइव्ह घेऊन येतात. आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, मुलीचा जन्मदाखला, सगळं व्हॉट्सअॅप वेबवर येतं. लोकांची अख्खी ओळख माझ्या डेस्कटॉपवर पडलेली असते. तिथे फटी उघड्या ठेवून शटर वर करायचं मला पटेना.

माझ्याकडे तीन पीसी. त्यातले दोन चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचे, लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड आणलेले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे दोन्ही पीसी नापास. दोन नव्या पीसींचं कोटेशन आलं ७६ हजार. आता हिशोब करा. एका झेरॉक्समागे माझ्या हातात साठ-सत्तर पैसे उरतात. ७६ हजार म्हणजे लाखाच्या वर झेरॉक्स. आणि जुने दोन्ही पीसी तर धडधाकट चालत होते!

मधले रस्तेही होते. जुन्या पीसीवर चिपची तपासणी चुकवून विंडोज ११ बसवता येतं, पण अशा पीसीला अपडेट मिळत राहतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मग ज्या कारणासाठी खटाटोप करायचा तेच हातात नाही. दुसरा रस्ता ईएसयू, म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेटचा. घरगुती पीसीसाठी तो १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सेटिंग सिंक केली तर फुकट, नाहीतर ३० डॉलर. धंद्याच्या पीसीचा दर वेगळा आहे: पहिल्या वर्षी दर पीसीमागे ६१ डॉलर, पुढच्या वर्षी दुप्पट, त्यापुढे पुन्हा दुप्पट, आणि तीन वर्षांनंतर तेही बंद. हे एक वर्ष विकत घेऊन शांतपणे तयारी करायची असेल तर वाईट नाही. पण चौथ्या पिढीच्या पीसीवर तीन वर्षं पैसे भरणं म्हणजे भाड्याच्या गाळ्याला मार्बल लावणं.

तिसरा रस्ता सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. "मॅडम, पाचशे द्या, क्रॅक करून देतो." स्पष्टच सांगते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी प्रमाणे चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरलं तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट सौम्य होऊ शकतं. दुकानदाराला ती सवलत कुठून मिळणार? शिवाय तो क्रॅक ज्याने बनवला त्याने आत अजून काय ठेवलंय ते तुम्हाला कळणार नाही, आणि फोल्डरमध्ये गिऱ्हाइकांची आधार कार्डं.

म्हणून लिनक्स. पण थांबा, लगेच पेनड्राइव्ह घेऊन बसू नका. मी आधी आठ दिवस फक्त वही भरली. कुठल्या पीसीवर दिवसभरात नेमकं काय काम होतं, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, त्याला कुठलं मशीन जोडलेलं आहे. माझ्यासाठी सगळ्यात मोठा धक्का या वहीत होता. काउंटरवरच्या पहिल्या पीसीवर दहातली आठ कामं ब्राउझरमध्येच होत होती! फॉर्म, बिल भरणं, व्हॉट्सअॅप, ईमेल, जीएसटी पोर्टल, ई-वे बिल. ब्राउझरला खाली विंडोज आहे की लिनक्स, काही फरक पडत नाही. जीएसटी रिटर्नही प्रोप्रायटरशिपला ओटीपीवाल्या ईव्हीसीने भरता येतो. कंपनी किंवा एलएलपी असेल तर मात्र डिजिटल सिग्नेचर लागते, मग त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का ते आधी तपासा.

अडलेली कामं वेगळ्या पानावर लिहिली. टॅली विंडोजवरच चालतं. कोरलड्रॉ लिनक्सवर येत नाही. अंगठ्याच्या मशीनला जी आरडी सर्व्हिस लागते ती मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच असते. ही तिन्ही कामं मी एका ठिकाणी गोळा केली, तिसऱ्या पीसीवर. तो नवा आहे, त्यावर रीतसर विंडोज ११ आहे आणि ते तसंच राहणार. त्यावर व्हॉट्सअॅप नाही, गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह नाही. काही लिनक्सप्रेमी मंडळींना हे अर्धवट वाटेल. वाटू दे. मला दुकान चालवायचंय, चळवळ नाही.

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेची गोष्ट यावर नेहमी सांगितली जाते. २००३ मध्ये त्यांनी लिनक्सवर जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार कॉम्प्युटर बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळायचा ठराव केला. दोन्ही बाजूचे लोक हीच गोष्ट आपापल्या सोयीने वापरतात. आपल्याला तिचा उपयोग एवढाच, की पालिकेला मागे फिरायला वर्षं लागतात. तीन पीसीवाल्याने जुनी डिस्क कपाटात जपून ठेवली तर तो अर्ध्या तासात मागे फिरतो.

ती डिस्क हा माझा पहिला नियम. जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट काढून ठेवली आणि दोन्ही पीसींत २४० जीबीच्या नव्या एसएसडी टाकल्या. दोन्ही मिळून ३,२०० रुपये. सगळ्या फाइल्सचा बॅकअप घ्यायला एक बाहेरची डिस्क, ४,५०० ची. लिनक्सचे शंभर प्रकार आहेत. आपल्या सी-डॅकचंही बॉस लिनक्स आहे. मी मिंट घेतलं कारण मेनू डाव्या कोपऱ्यात खाली, टास्कबार खाली, बघणाऱ्याला परकं वाटत नाही, आणि अडलं की मदतीचे व्हिडिओ ढिगाने सापडतात. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. फाइल साधारण तीन जीबीची, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावते. पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, काहीही इन्स्टॉल न करता. दोन रविवार मी तेच केलं. वाय-फाय लागतंय का, स्कॅनर दिसतोय का, आवाज येतोय का.

आणि प्रिंटर! इथे दमले. काउंटरवरचा जुना लेझर प्रिंटर काही केल्या लिनक्सवर नीट चालेना. एक पान काढायचा आणि गप्प बसायचा. शेवटी तो उचलून विंडोजच्या पीसीला जोडला आणि तिथला एचपीचा काउंटरवर आणला. एचपीच्या बहुतेक प्रिंटरसाठी एचपीलिप नावाचं पॅकेज आहे, त्यावर तो लगेच चालला. नवा प्रिंटर घेणार असाल तर दुकानदाराला विचारू नका, तो "सगळं चालतं" म्हणेल. मॉडेल नंबर घेऊन स्वतः शोधा.

आता खरी गोष्ट. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांचा सीझन सुरू. आपल्या वसईत हिंदू घरांच्या पत्रिका असतात तशा ख्रिस्ती कुटुंबांच्याही मराठी पत्रिका असतात, चर्चमधल्या विधीची वेळ, नंतर हॉल, सगळं मराठीत. एक काका आले. थोरल्या मुलाची पत्रिका तीन वर्षांपूर्वी माझ्याकडेच छापलेली. धाकट्याची तशीच हवी, फक्त नावं आणि तारीख बदलायची. दहा मिनिटांचं काम. मी लिनक्सच्या पीसीवर फाइल उघडली आणि समोर इंग्रजी अक्षरांची खिचडी! घराण्याचं नाव नाही, चर्चचं नाव नाही, नुसते के, क्यू, स्वल्पविराम, कंस. काका चष्मा लावून स्क्रीनकडे बघतायत. मी घामाघूम.

झालं काय होतं? जुन्या मराठी फॉन्टमध्ये आपण "क" टाइप केला असं आपल्याला वाटतं, पण फाइलमध्ये इंग्रजी अक्षरच साठवलेलं असतं. फॉन्ट त्यावर "क" चं चित्र काढतो. फॉन्ट गेला की मराठी गेली. माझ्या आधीच्या सॉफ्टवेअरचे फॉन्ट त्याच पीसीला बांधलेले होते. बॅकअप होता म्हणून तिसऱ्या पीसीवर काम निभावलं, पण त्या रात्री मोजलं तर अशा अकराशेच्या वर फाइल्स निघाल्या. पत्रिका, अॅफिडेव्हिटचे मसुदे, सोसायट्यांच्या नोटिसा. बारा वर्षांचं काम एका फॉन्टच्या दावणीला बांधलेलं, आणि बांधणारी मीच. हे विंडोज ११ वाला नवा पीसी घेतला असता तरी होणारच होतं, फक्त उशिरा कळलं असतं.

उपाय युनिकोड. त्यात "क" हा "क" म्हणूनच साठतो, कुठल्याही पीसीवर, मोबाइलवर दिसतो. जुना मजकूर बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण डोळे झाकून विश्वास नको. रफार सरकतो, जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी उडी मारते. आम्ही अकराशे फाइल्स बदलायच्या भानगडीत पडलो नाही. जी फाइल गिऱ्हाईक मागेल ती बदलायची आणि दोघींनी वाचायची. बाकीच्यांच्या पीडीएफ करून ठेवल्या, म्हणजे निदान दिसतील तरी. पत्रिकेसाठी फॉन्टची चिंता करू नका. मुंबईच्याच एक टाइपने बनवलेले मुक्त आणि बलू फुकट मिळतात आणि छापून सुंदर दिसतात. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडायला विसरू नका. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे "ल" आणि "श" आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही.

टायपिंगचा प्रश्न माझा नव्हता, माझ्या काउंटरवरच्या ताईचा होता. तिचा हात रेमिंग्टन लेआउटवर बसलेला, एमएस-सीआयटी विंडोजवर केलेली. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "मॅडम, मला परत शाळेत घातलंत." मी कागदावर इनस्क्रिप्टचा तक्ता काढून स्क्रीनखाली चिकटवला. "दुसऱ्या" मधला अर्धा र तिला सापडेना. शिफ्ट दाबून जे, मग डी, मग स्लॅशची कळ. शिफ्टसह एन म्हणजे ळ. तीन आठवडे तिचा वेग निम्म्यावर होता. त्या तीन आठवड्यांत मी मराठी टायपिंगची घाईची कामं स्वतः केली आणि तिच्यावर एकदाही ओरडले नाही (दोनदा ओठ चावले). हा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये लिहिलेला नसतो. तुम्ही बदल करणार असाल तर मे-जूनच्या अॅडमिशनच्या गर्दीत करू नका, पावसाळ्यातला संथ आठवडा निवडा. मी लग्नसराईच्या तोंडावर केला, ती माझी चूक.

एकूण रोख खर्च ७,७०० रुपये. ७६ हजारांशी तुलना करताना ताईचे तीन आठवडे आणि माझे दोन रविवार त्यात धरा. नव्याने धंदा सुरू करणाऱ्यांचं काम यापेक्षा सोपं आहे, कारण तुमच्याकडे अकराशे फाइल्स नाहीत. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये लिहा. हिशोबासाठी सीए टॅलीचाच डेटा मागणार असेल तर टॅली घ्या, वाद घालू नका. तसं बंधन नसेल तर मुंबईच्या फ्रापे कंपनीचं फ्रापे बुक्स बघा. ते फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

दुसरा पीसी अजून अर्धा झालाय. त्यावरचं पासपोर्ट फोटोचं काम गिंपमध्ये बसवलं, पण कटिंगच्या रेषा अजून मनासारख्या येत नाहीत. ते जमलं की फॉन्ट बदलण्याच्या कामासोबत पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवते. तोवर तुमची एखादी जुनी मराठी फाइल दुसऱ्याच्या पीसीवर उघडून बघा.