शिक्षेची सक्ती आणि अपिलाची मर्यादा

अमली पदार्थ आणि अग्निशस्त्रे यांच्या गुन्ह्यांत न्यायाधीशाचे तारतम्य कायद्याने किती आवळावे, हा प्रश्न भारतातील अपील न्यायालयांपुढे गेली चार दशके या ना त्या रूपात येत राहिला आहे. जन्मठेप भोगत असताना खून करणाऱ्याला फाशीखेरीज दुसरी शिक्षाच न ठेवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली, मिठू खटल्यात, घटनाबाह्य ठरवले होते. तरीही संसदेने १९८८ साली शस्त्र अधिनियमात कलम २७(३) आणि १९८९ साली अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यात कलम ३१अ घालून तीच सक्ती पुन्हा आणली. पहिले कलम प्रतिबंधित शस्त्राच्या वापरामुळे मृत्यू घडल्यास, मारण्याचा हेतू होता की नव्हता हे न पाहता लागू होत असे, तर दुसरे ठरावीक प्रमाणाहून अधिक अमली पदार्थांच्या गुन्ह्यात दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्याला.

या सक्तीला पहिला छेद मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली दिला. कलम ३१अ रद्द न करता त्यातील फाशी बंधनकारक नसून ऐच्छिक आहे, असा अर्थ न्यायालयाने लावला, आणि २०१४ च्या दुरुस्तीने संसदेनेही तो स्वीकारला. कलम २७(३) मात्र सर्वोच्च न्यायालयाने दलबीर सिंग खटल्यात २०१२ साली सरळ रद्द केले.

किमान शिक्षेच्या बाबतीत असे काही घडले नाही. एनडीपीएस कायद्याच्या २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा मालाच्या वजनाशी जोडली गेली आणि २५० ग्रॅमहून अधिक हेरॉइन, म्हणजे व्यापारी प्रमाण, सापडल्यास किमान १० वर्षांचा सश्रम कारावास ठरला. भेसळ वगळून केवळ शुद्ध अमली पदार्थाचे वजन मोजावे, असा २००८ च्या मायकल राज निकालाने दिलेला दिलासा हीरा सिंग खटल्यातील तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०२० साली काढून घेतला. परिणामी मजुरीसाठी पुडके पोहोचवणारा वाहक आणि त्याचा धनी यांना एकच किमान शिक्षा लागू होते, आणि हा अन्याय अपील न्यायालयाला दिसला तरी किमान मर्यादेखाली जाता येत नाही; म्हणूनच अशा अपिलांतील खरा युक्तिवाद गुन्हेगाराच्या परिस्थितीवर न होता, कलम ५० नुसार झडतीपूर्वी त्याला राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क सांगितला होता का आणि नमुन्यांवरील मोहोर शाबूत होती का, यांवर होतो.