खड्डा कुणाच्या हद्दीत? उत्तर रस्त्याच्या ‘साखळी’त

चेंबूर, प्रतिनिधी

मुंबईकराला पत्ता सांगण्यासाठी क्रमांकाची गरज भासत नाही. ‘अमर महालच्या पुढे, पूल उतरतो तिथे’ एवढे रिक्षाचालकाला पुरते. पण त्याच ठिकाणी खड्ड्यामुळे दुचाकीस्वार पडला आणि हा रस्ता कुणाचा, असा प्रश्न उभा राहिला, की ही खूण अपुरी ठरते. खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये, तर जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपयांपर्यंत भरपाई द्यावी आणि ती जबाबदार अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. त्यामुळे अपघात नेमका कोणत्या मीटरवर झाला, याला आता रुपयांतही मोल आले आहे.

मोबाइलमधील जीपीएस अक्षांश-रेखांश सांगतेच, मग अडचण कोणती? चेंबूरमधील रस्तेच याचे उत्तर देतात. एप्रिल २०१४ मध्ये खुला झालेला सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता सुमारे साडेसहा किलोमीटरचा आहे. त्यावरील उड्डाणपुलाचा काही भाग दुमजली आहे. वरच्या आणि खालच्या मजल्यावर बरोबर एकाखाली एक दोन खड्डे पडले, तर दोघांचे अक्षांश-रेखांश एकच! जीपीएस उंचीही सांगते. परंतु उंचीतील चूक आडव्या अंतरातील चुकीपेक्षा सहसा मोठी असते. पूर्व मुक्त मार्गावर पांजरापोळजवळच्या बोगद्यात तर उपग्रहाचा संकेतच पोहोचत नाही. शिवाय उंच इमारतींच्या गर्दीत जीपीएस काही मीटरने चुकते. तेवढ्या फरकाने द्रुतगती मार्गावरचा खड्डा नकाशात शेजारच्या सेवा रस्त्यावर जाऊन पडू शकतो.

काय आहे ही पद्धत?

या अडचणीवरचा उपाय म्हणजे ‘रेषीय संदर्भपद्धती’. पृथ्वीच्या पाठीवर हे ठिकाण कुठे आहे, असे विचारण्याऐवजी ते कोणत्या रस्त्यावर, सुरुवातीपासून किती मीटरवर आणि कोणत्या बाजूला आहे, असे विचारायचे. त्यासाठी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : रस्त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, शून्य मानायचे ठिकाण आणि मोजणीची दिशा. दुमजली पुलाच्या प्रत्येक मजल्याला वेगळा ओळख क्रमांक दिला, की नकाशात एकमेकांवर पडणारी दोन ठिकाणे आपोआप वेगळी होतात.

कल्पना जुनीच आहे. इंग्रजांच्या काळात मुंबईत फोर्टमधील सेंट थॉमस चर्चपासूनचे अंतर दाखवणारे मैलाचे दगड बसवण्यात आले. त्यांतील काही आजही रस्त्याकडेला दिसतात. भूमापक ६६ फुटांची साखळी टाकून अंतर मोजत. अशा ८० साखळ्यांचा एक मैल होई. ती लोखंडी साखळी गेली, तरी शब्द टिकून राहिला. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांत ‘सा. क्र.’ म्हणजे साखळी क्रमांक किंवा ‘कि.मी. ०/०० ते ५/००’ असे उल्लेख आजही असतात. हार्बर मार्गावरून प्रवास करणाऱ्यांनी विजेच्या तारांच्या खांबांवरील आकडे पाहिले असतील. त्यांतला पहिला आकडा किलोमीटरचा आणि दुसरा त्या किलोमीटरमधील खांबाचा. तोही याच कुळातला पत्ता होय.

संगणकात काय घडते?

भौगोलिक माहिती प्रणालीत, म्हणजेच जीआयएसमध्ये, रस्ता ही एक रेषा असते. रेषीय संदर्भपद्धतीत या रेषेच्या प्रत्येक बिंदूला अक्षांश-रेखांशासोबत सुरुवातीपासूनचे अंतरही जोडले जाते. जागेवरच्या किलोमीटरच्या दगडांशी पडताळून हे अंतर जुळवून घेतात. कारण नकाशावर मोजलेली लांबी आणि चढउतार व वळणांसह प्रत्यक्ष मोजलेली लांबी तंतोतंत सारखी येतेच असे नाही. ‘क्यूजीआयएस’सारख्या मोफत प्रणालीतही ही सोय उपलब्ध आहे. या विषयावर ‘आयएसओ १९१४८’ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ साली प्रसिद्ध झाले.

एकदा अंतर जोडले, की बाकीची माहिती साध्या तक्त्यात ठेवता येते. एक उदाहरण कल्पू. एका रस्त्यावर ० ते ३,२०० मीटरपर्यंतचे काम एका कंत्राटदाराकडे, तर पुढचे दुसऱ्याकडे आहे. दुसऱ्या तक्त्यात ० ते १,८०० मीटर डांबरी आणि पुढे काँक्रीट, अशी नोंद आहे. तिसऱ्या तक्त्यात दोषदायित्व कालावधी, म्हणजे कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करण्याची मुदत, कोणत्या मीटरपर्यंत लागू आहे हे दिले आहे. खड्ड्याची तक्रार आली ३,१५० मीटरवर. संगणक तिन्ही तक्ते त्याच अंतरावर तपासतो आणि रस्ता काँक्रीटचा, काम पहिल्या कंत्राटदाराचे, मुदत शिल्लक, असे उत्तर क्षणात देतो. त्यासाठी मूळ रेषेचे तुकडे पाडावे लागत नाहीत. खड्डा हा बिंदू, कंत्राट हा पट्टा. दोन्ही एकाच रेषेवर बसतात.

पण खड्डा ३,१५० ऐवजी ३,२५० मीटरवर नोंदला गेला तर? जबाबदारी दुसऱ्यावर जाते. शंभर मीटरच्या चुकीने खर्च कंत्राटदाराऐवजी करदात्याच्या खिशातूनही होऊ शकतो.

रस्ता बदलला की आकडे बदलतात

या पद्धतीचे खरे दुखणे वेगळेच आहे. रस्ता कायम तसाच राहत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे उदाहरण बोलके आहे. कळंबोली ते देहूरोड हा सुमारे ९४.५ किलोमीटरचा मार्ग. वाहतूक रोखण्याच्या सूचना किंवा अपघाताच्या बातम्या येथे ‘किलोमीटर अमुक’ अशाच दिल्या जातात. खोपोली ते कुसगावदरम्यानचा ‘मिसिंग लिंक’ म्हणून ओळखला जाणारा १३.३ किलोमीटरचा टप्पा या अंतरात सुमारे सहा किलोमीटरची बचत करतो. या नव्या वाटेने आकडे पुन्हा मोजायचे ठरवले, तर कुसगावच्या पुढचा प्रत्येक दगड सहा किलोमीटरने मागे येईल आणि दोन दशकांच्या अपघातनोंदी चुकीच्या जागी बसतील. धोकादायक वळण एकीकडे आणि त्याची नोंद दुसरीकडे, अशी गत होईल. म्हणून नव्या टप्प्याला स्वतंत्र ओळख क्रमांक द्यावा, जुने आकडे हलवू नयेत आणि प्रत्येक नोंदीला तारीख जोडावी, हा शहाणपणाचा मार्ग होय.

नावांचेही तसेच आहे. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले आणि मुंबई-गोवा महामार्ग १७ चा ६६ झाला. पाटीवरचा क्रमांकच संगणकातील ओळख म्हणून वापरला असेल, तर जुन्या व नव्या नोंदी एकमेकींना ओळखणार नाहीत. चेंबूरवरून जाणारा पूर्व द्रुतगती महामार्ग २०२२ च्या अखेरीस एमएमआरडीएकडून मुंबई महापालिकेकडे आला. त्यामुळे एकाच मीटरवर त्याआधी आणि त्यानंतर झालेल्या अपघातांना उत्तरदायी यंत्रणा वेगवेगळ्या ठरतात. ‘कुठे’ बरोबर ‘केव्हा’ हेही नोंदणे म्हणूनच अपरिहार्य आहे.

नागरिकांना काय करता येईल?

खड्ड्याची तक्रार करताना छायाचित्र आणि ठिकाण पाठवले, की आपले काम संपले असे अनेकांना वाटते. चेंबूरसारख्या पुलांच्या जाळ्यात तेवढ्याने भागत नाही. खड्डा पुलावर आहे की पुलाखाली, मुख्य मार्गावर की सेवा रस्त्यावर, वाहतूक कोणत्या दिशेची आणि जवळच्या दिव्याच्या खांबावरचा किंवा पुलाच्या खांबावरचा क्रमांक कोणता, एवढे चार तपशील लिहिले तर ठिकाणाबद्दल वाद उरत नाही. तारीख आणि वेळ तर लिहावीच. खड्डा दुसऱ्या दिवशी बुजवला गेला, तरी तो कुठे आणि कुणाच्या हद्दीत होता याचा पुरावा मागे राहतो. भरपाईचा दावा उभा राहिला, तर हाच पुरावा कामी येईल.