रात्रीचं नाटक, हातातला पडदा

२५ मार्च २०२० रोजी गुढीपाडवा होता, आणि देशभरातल्या टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. गावोगावचे पंच येतात, राहुटीत बसून चहा घेतात, यात्रेच्या तारखा आणि बिदागी ठरवून सुपारी देतात. फडाचं वर्षाचं गणित या काही आठवड्यांवर उभं असतं. त्या वर्षी यात्राच रद्द झाल्या. शंभरावं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन मार्चअखेरीस सांगलीत सुरू व्हायचं होतं, तेही लांबलं आणि शेवटी २०२४च्या जानेवारीत पिंपरी-चिंचवडला भरलं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, त्या तारखेला, म्हणजे ५ नोव्हेंबरला, आपण रंगभूमी दिन पाळतो. २०२०मध्ये नेमक्या त्याच दिवशी नाट्यगृहांना निम्म्या खुर्च्या भरायची परवानगी मिळाली. पुढच्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ला परत उघडली.

या मधल्या काळात प्रयोग मोबाइलवर गेले, आणि नाट्यगृहं उघडल्यावरही त्यांतले पुष्कळसे तिथेच राहिले. आज दशावतार, लावणी, कीर्तन, कथक, तियात्र, संगीत नाटक यांपैकी काहीही रात्री अकरा वाजता अंथरुणात पडल्यापडल्या पाहता येतं. पाहणाऱ्याची सोय झाली, याबद्दल वाद नाही. मला हिशेब मांडायचा आहे तो प्रयोग करणाऱ्याचा. त्याच्या पदरात काय पडलं?

रंगमंचावरची कला यंत्रात शिरली ती काही इंटरनेट आल्यावर नव्हे. बालगंधर्वांचं गाणं ग्रामोफोनच्या तबकड्यांतून घराघरांत गेलं. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. वन्समोअर घेत रात्रभर फुलत जाणारं पद त्या मापात बसवावं लागलं आणि पुढच्या पिढ्यांनी तोच आटोपशीर घाट मूळ समजून गिरवला. मग आकाशवाणीची नभोनाट्यं आली, कॅसेटी आल्या, व्हीसीडी आल्या. दादरच्या शिवाजी मंदिराची पायरी कधी न चढलेल्या माणसाला 'मोरूची मावशी'तले संवाद तोंडपाठ होते ते व्हीसीडीमुळे. प्रत्येक यंत्रानं प्रेक्षक वाढवला आणि प्रत्येक यंत्रानं कलेचा काही भाग आपल्या सोयीनं कापला. मोबाइलनं काय कापलं, हे प्रकारागणिक वेगळं आहे, म्हणून ते एकेक करून पाहायला हवं.

गाण्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे अडचण सर्वांत उघडपणे दिसली. टाळेबंदीत गुरूंनी व्हिडिओ कॉलवर तालीम सुरू केली, आणि पहिल्याच आठवड्यात तानपुरा हरवला. बैठकांसाठी बनवलेली ही अॅप्स सलग चालणारा आवाज पंख्याची घरघर समजून गाळून टाकतात. तानपुऱ्याचा धर्मच सलग वाजत राहण्याचा! आवाज गाळू नये अशी सोय शोधून ती चालू करायला सत्तरीतल्या गुरुजींना शिष्यांनी शिकवलं. दुसरी अडचण मात्र कुठल्याही बटणानं सुटत नाही. हवेतून आवाजाला दहा मीटर जायला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात. एवढा उशीर लय कशीबशी सहन करते. इंटरनेटवर त्याच्या कितीतरी पट उशीर सहज होतो. मुंबईचा तबला आणि पुण्याचा गळा समेवर एकत्र येतच नाहीत. म्हणून ऑनलाइन तालमीत एकानं गायचं, दुसऱ्यानं ऐकायचं आणि मग दुरुस्त करायचं, अशी रीत पडली. बंदिश, तिचे उच्चार, रागाची वाट हे सगळं अशा तालमीत चांगलं पोचतं. गुरूच्या गळ्यात गळा घालून गाणं पोचत नाही. परदेशातल्या मराठी मुलांना घरबसल्या चांगला गुरू मिळाला, ही या काळाची खरी कमाई आहे. सुटीत ही मुलं आली की त्यांना आधी ठेक्याबरोबर बसवावं लागतं, इतकंच.

मैफलीचं नुकसान याहून मोठं होतं. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव २०२०च्या डिसेंबरात झाला नाही. त्या हिवाळ्यात घरी बसून जुनी ध्वनिमुद्रणं ऐकताना एक गोष्ट कानाला जाणवत राहिली. गायक एखादी जागा घेतो, समोरून दाद उमटते आणि पुढची जागा तो वेगळी घेतो. रिकाम्या खोलीत कॅमेऱ्यासमोर गाणाऱ्याला ही पुढची जागा सुचवणारं कुणी नसतं.

नाटकात प्रेक्षकाला त्याच क्षणी जोडून घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न झाला, त्याची नोंद व्हायला हवी. २०२०च्या जुलैत हृषीकेश जोशींनी 'मोगरा' हे 'नेटक' आणलं. अभिनेत्री आपापल्या घरांतून, प्रेक्षक तिकीट काढून आपापल्या घरांत आणि प्रयोग त्याच क्षणी चाललेला. आधी चित्रित करून ठेवलेलं नाटक दाखवणं सोपं होतं. त्यांनी चुकण्याची शक्यता शिल्लक ठेवली, आणि नाटकाचा प्राण त्यातच असतो. पुढे नाट्यगृहं उघडली आणि हा प्रकार मागे पडला. मला ते अपयश वाटत नाही. प्रेक्षक परत खुर्चीत आला, 'चारचौघी'सारख्या तीस वर्षांपूर्वीच्या नाटकाला नव्या संचात गर्दी झाली, 'संगीत देवबाभळी'नं तरुणांना पुन्हा पदांकडे ओढलं. शहरातल्या व्यावसायिक रंगभूमीचं दुखणं आता पडद्याचं नाही, इमारतींचं आहे. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांच्या काळात उभी राहिलेली ती वास्तू जळताना पाहून माणसं रस्त्यावर उभी राहून रडली.

आता दशावतार. या लेखाचं खरं कारण तोच आहे.

सिंधुदुर्गात तुळशीच्या लग्नानंतर जत्रांचा हंगाम सुरू होतो. देवळात पालखी फिरून झाली की उत्तररात्री नाटक उभं राहतं. आधी आडदसर, त्यात गणपती, सरस्वती आणि काळ्या वेशातला संकासुर, मग आख्यान. साथीला हार्मोनियम, पखवाज आणि झांज. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. लिहिलेली संहिता नाही. मालक किंवा ज्येष्ठ नट संध्याकाळी कथानक सांगतो, भूमिका वाटतो आणि संवाद प्रत्येकजण रंगमंचावर उभ्याउभ्या रचतो. स्त्रीभूमिका पुरुष करतात, आणि त्या इतक्या बेमालूम करतात की पहिल्यांदा पाहणारा पहाटेपर्यंत फसलेला राहतो. राजा आणि राक्षस यांची शाब्दिक चकमक रंगली की अर्धा तास कुणी उठत नाही. पुराणातला दाखला, गावातली कालची भानगड आणि वेदान्त हे सगळं त्या एका चकमकीत येतं.

मुंबईतला चाकरमानी हे सगळं आता लोकलमध्ये पाहतो. गावातली तरुण मुलं कॅमेरा आणि माइक घेऊन जत्रेला जातात, रात्रभर जागतात, नाटक यूट्यूबवर चढवतात. या मुलांना मी नावं ठेवणार नाही. त्यांनी हे केलं नसतं तर गेल्या दहा वर्षांतले किती संवाद हवेत विरून गेले असते! 'संयुक्त दशावतार', म्हणजे वेगवेगळ्या मंडळांतले गाजलेले नट एका रात्री एकत्र आणणं, आणि 'ट्रिकसीन', म्हणजे रंगमंचावर चमत्कार दाखवणारी नाटकं, यांची चर्चा या चित्रफितींमुळे जिल्ह्याबाहेर गेली. २०२५च्या सप्टेंबरात 'दशावतार' हा चित्रपट आला, दिलीप प्रभावळकरांनी वृद्ध दशावतारी कलावंत उभा केला, आणि कोकणाशी काही संबंध नसलेली माणसंही खरं नाटक कसं असतं ते शोधू लागली. त्यांना सापडलं ते याच मुलांच्या चॅनेलांवर.

पण पैसा कुठे जातो ते पाहा. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायचा तर चॅनेलला हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचं पाहणं लागतं. हा पैसा ज्याचं चॅनेल आहे त्याच्या खात्यावर जमतो. रात्रभर घामानं रंग ओघळेपर्यंत उभा राहिलेला नट त्या रात्रीच्या ठरलेल्या नाइटवर घरी जातो. पुष्कळ चित्रफितींखाली त्याचं नावही नसतं. पखवाजवाल्याचं तर जवळजवळ कधीच नसतं. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि कायदाही नटाच्याच बाजूनं आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यात कलावंताचा सादरीकरणावरचा हक्क मान्य आहे, २०१२च्या दुरुस्तीनं तो अधिक पक्का केला आणि त्याची मुदत पन्नास वर्षांची आहे. संमतीवाचून प्रयोग चित्रित करणं हा त्या हक्काचा भंग ठरतो. दशावतारात तर बोललेलं वाक्यन्‌वाक्य त्या नटाचं स्वतःचं असतं. मंडळाचे मालक, देवस्थान समिती आणि चॅनेलवाला यांनी मिळून एक पानाचा मराठी करार केला तरी पुरेल: चित्रण कोण करणार, उत्पन्नात वाटा किती, नाटक कधी चढवायचं आणि खाली कुणाकुणाची नावं. या एका पानासाठी वकिलाची गरज नाही. कुणीतरी ते छापून प्रत्येक मंडळाच्या पेटाऱ्यात ठेवायला हवं.

झाडीपट्टीचं गणित वेगळं. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, होतात आणि त्यांच्या जोडीनं रात्रभराची नाटकं. वडसा हे त्यांचं केंद्र. हंगामात तिथे कंपन्यांच्या कार्यालयांवर फलक लागतात, गावातली तरुण मंडळं येऊन नाटक ठरवतात आणि गावात तिकिटं विकतात. २०२३मध्ये झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा उर्वरित महाराष्ट्रातल्या अनेकांनी ही रंगभूमी पहिल्यांदा ऐकली. त्याआधीच्या वर्षी आलेल्या 'झॉलीवूड' चित्रपटानं थोडी ओळख करून दिली होती. जत्रेतला दशावतार देवाच्या दारी फुकट असतो, झाडीपट्टी मात्र तिकिटावर जगते. म्हणून चालू हंगामातलं अख्खं नाटक यूट्यूबवर टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एक गाणं, एक प्रवेश आणि खाली पुढच्या प्रयोगाचं गाव, तारीख एवढं पुरे. हंगाम उलटला, नाटक उतरलं, की मग ते पूर्ण जतन व्हावं.

लावणीच्या बाबतीत मात्र मला माझं मत बदलावं लागलं. कॅमेरा लावणीला मारक आहे असं मी बरीच वर्षं मानत होतो, आणि डीजेच्या तालावरच्या तीस सेकंदांच्या रील्स पाहून ते पक्कं होत होतं. बैठकीची लावणी पाहताना ते सुटलं. वाईच्या यमुनाबाई वाईकरांसारख्या कलावंतांनी जपलेली ही लावणी बसून होते. एकच ओळ पुनःपुन्हा येते आणि दर वेळी भुवई, मान, मनगट तिचा वेगळा अर्थ लावतात. हे मुळात दोन हातांवर बसलेल्या रसिकासाठी आहे. हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेला त्यातलं काही दिसत नाही. जवळून टिपणाऱ्या कॅमेऱ्याला सगळं दिसतं. भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांच्या 'संगीत बारी' या प्रयोगात शकुंतलाबाई नगरकरांची अदा ज्यांनी पाहिली त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. कथकचं याच्या उलट. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती सुरू केली तेव्हापासून तिथे कथकचा जाणता प्रेक्षक घडला आहे. हा प्रेक्षक पाय पाहतो, आणि नेमक्या तिहाईच्या वेळी चित्रणवाला चेहऱ्यावर जातो! जमिनीलगत एक माइक आणि पायापर्यंतची चौकट, एवढी काळजी घेतली तरी निम्मं काम होईल.

गोव्याचा तियात्र या सगळ्यात जास्त शहाणा निघाला असं मला वाटतं. पहिला तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. पोट भरायला मुंबईत आलेल्या गोवेकरांची ही कला, म्हणजे जन्मापासूनच गावापासून दूर असलेल्यांसाठीची. त्यात नाटकाच्या पडद्यांमध्ये कथेशी संबंध नसलेली 'कांतारां' असतात. ही गाणी सुटी काढता येतात. ती तबकडीवर गेली, कॅसेटवर गेली, आता मोबाइलवर आखातातल्या गोवेकरापर्यंत जातात आणि मूळ तियात्र पाहायला माणूस नाट्यगृहातच येतो. आपल्या संगीत नाटकवाल्यांनी हे नीट पाहावं. किर्लोस्कर, देवल, खाडिलकर यांच्या नाटकांचे हक्क केव्हाच खुले झालेले आहेत. नव्या गळ्यांनी पदं ध्वनिमुद्रित करून सोडावीत आणि नाटकाला तिकीट लावावं.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा झाडीपट्टीत भाऊबीजेच्या मंडईची तयारी चालू असेल आणि सिंधुदुर्गातल्या मंडळांच्या जत्रांच्या तारखा ठरलेल्या असतील. मोबाइलवर एखादं नाटक आवडलं तर खाली कलावंतांची नावं आहेत का ते बघा. नसतील तर चॅनेलवाल्याला विचारा. गावी जाणं होणार असेल तर एक रात्र जास्त राहा. आख्यान मध्यरात्रीनंतर सुरू होतं आणि थंडी असते, तेव्हा सोबत घोंगडी न्या. आवडलेल्या नटाला पहाटे, रंग पुसायच्या आत भेटा आणि बक्षीस त्याच्या हातात द्या.